तळीराम बोलतो, गडकरी नव्हे!

खाप्याहून सावनेर काही फार लांब नाही. कन्हानकाठच्या या विणकरांच्या गावातील माणूस तहसिलीच्या कामासाठी तेथे जातच असतो. त्याच सावनेरात २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांनी वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी देह ठेवला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर येण्यास तेव्हा महिनाही उरला नव्हता. सिंधू, सुधाकर आणि तळीराम मराठी घराघरांत पोहोचलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्याच गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून उखडून मुठेच्या पात्रात फेकण्यात आला. निमित्त होते ‘राजसंन्यास’ या त्यांच्या अपूर्ण नाटकातील चित्रणाचे.

पुतळा फोडणाऱ्यांचा निषेध तेव्हा झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्या घटनेमागील वाङ्मयीन अडाणीपणाचा समाचार कोणी घेतला? नाटकातील पात्राच्या तोंडचे प्रत्येक वाक्य हे लेखकाचे मत, अशी एक विचित्र समजूत आपल्याकडे रुजली आहे. ही समजूत खरी मानली, तर गडकरी दारूचे प्रचारक ठरतात! कारण मद्याची तरफदारी तळीरामाइतक्या चातुर्याने मराठीत क्वचितच कोणी केली असेल. ‘आर्य मदिरा मंडळ’ ही त्या नाटकातील संस्थाही अशी बेमालूम रचलेली की प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हसता हसता अस्वस्थ होतो. तळीरामाची जीभ अशी धारदार नसती, तर बुद्धिमान सुधाकर त्याच्या नादी लागला हे पटले असते काय?

पात्रनिर्मितीचे मर्म येथेच आहे. सुधाकर हा मुळात व्यसनी नाही. तो हुशार, स्वाभिमानी वकील आहे. न्यायालयात खटका उडून सनद जाते, अपमान सहन होत नाही, आणि त्या दुखऱ्या क्षणी तळीराम पेला पुढे करतो. सुधाकराला बुडविते ती त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू. खाप्याच्या मागावर नुसत्या उभ्या धाग्यांचे लुगडे होत नाही. आडवा धागाही लागतो. केवळ सद्गुणांचा पुतळा किंवा केवळ दुर्गुणांचे गाठोडे म्हणजे पात्र नव्हे.

ऐतिहासिक पुरुषांच्या बाबतीत लेखकाची जबाबदारी मोठी, हे निःसंशय. धर्मासाठी बलिदान देणाऱ्या छत्रपती संभाजी महाराजांवर बखरींनी आणि त्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या नाटकांनी दीर्घकाळ अन्याय केला. पण तो दूर कसा झाला? वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली महाराजांचे साधार चरित्र सिद्ध केले. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली आणि तीवरचा चित्रपट २०२५ मध्ये देशभर पाहिला गेला. चुकीच्या चित्रणाला उत्तर मिळाले ते संशोधनाने आणि अधिक समर्थ कलाकृतीने. त्यात हातोड्याचा वाटा शून्य!

हा नियम आपल्या गोटालाही लागू आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. न पटणाऱ्या नाटकाचा प्रयोग बंद पाडून आपल्या विचाराचा एकही लेखक जन्माला येत नाही. आणि आपल्याकडील संस्कारकथांत तरी काय दिसते? आदर्श बालक कधी खोटे बोलत नाही, त्याची आई कधी चिडत नाही, प्रतिपक्षाचा माणूस पहिल्याच परिच्छेदात दुष्ट ठरतो. अशा कथा मुले शिक्षेसारखी वाचतात आणि परक्या भाषेतील जादूगारांच्या शाळेत रमतात. त्यात मुलांचा दोष कोणता? तेथे त्यांना चुकणारी, घाबरणारी, पुन्हा उभी राहणारी माणसे भेटतात.

विदर्भात आज लिहू पाहणाऱ्या तरुणांनी सावनेरात देह ठेवणाऱ्या या नाटककाराकडून एवढे घ्यावे : विरोधकाच्या तोंडी आपल्याला सुचेल तो सर्वांत बळकट युक्तिवाद घालावा. आणि वाचकांनी त्या युक्तिवादासाठी लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तळीरामाला बोलू न देणाऱ्या समाजाला सिंधूचे दुःखही कधी ऐकू येणार नाही.