वीस बोंडांची शाळा

शाळेच्या पुस्तकात किडीचे जीवनचक्र असते. अंडी, अळी, कोष, पतंग. ते चित्र आपल्या पोरांनी वहीत काढले, रंगवले, त्याला गुणही मिळवले. तोच पोरगा मोठा होऊन बापाची चार एकर कपाशी बघू लागतो आणि पानावर काही वळवळले की कृषी सेवा केंद्राच्या दारात जाऊन उभा राहतो. 'काय मारू?' एवढाच त्याचा प्रश्न. दुकानदार देईल ती बाटली घेऊन तो परत येतो. वहीतले विज्ञान बांधापर्यंत आलेच नाही. दोष पोराचा नाही. त्याला उत्तर पाठ करायला लावले. शेतात वाकून मोजायला कोणी लावले नाही.

मोजायला लावले तर काय होते, हे इंडोनेशियाने करून पाहिले. आपल्यासारखाच तुकड्या-तुकड्यांवर भात पिकवणारा तो देश. तिथल्या सरकारने फवारणीच्या औषधांवर वर्षानुवर्षे भरमसाट अनुदान दिले. शेतकऱ्याने फवारले आणि तपकिरी तुडतुडा कमी होण्याऐवजी वाढत गेला. कारण साधे होते. तुडतुड्याची अंडी भाताच्या आवरणात सुखरूप राहत आणि त्याला खाणारे कोळी मात्र औषधाने मरत. १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ औषधांवर बंदी घातली. १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या.

या शाळेला भिंती नव्हत्या. वीस-पंचवीस शेतकरी, हंगामभर, आठवड्यातून एक सकाळ भाताच्या खाचरात. 'हा किडा कोणता?' असे कोणी विचारले, तर शिकवणारा नाव सांगत नसे. तो उलट विचारी, 'कुठे सापडला? काय करत होता?' भाताच्या चुडावर जाळी टाकून आत कोळी आणि तुडतुडे सोडायचे आणि कोण कोणाला खातो ते स्वतः बघायचे. शत्रू किती, मित्र किती, हे मोजून कागदावर मांडायचे आणि मग फवारायचे की नाही ते गटाने ठरवायचे. दहा वर्षांत सुमारे दहा लाख शेतकरी या शाळांतून गेले. त्यांतल्या काहींनी पुढे आपल्या गावात स्वतः शाळा चालवल्या.

सगळेच गोड झाले असे नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या पाहणीत निघाले, की शाळेत बसलेल्यांच्या ज्ञानात भर पडली ती माफक, आणि त्यांच्याकडून शेजाऱ्यापर्यंत तर फारसे काही गेलेच नाही. आपण यातून धडा घ्यायचा तो असा : बियाणे उसने मिळते, मोजण्याची सवय उसनी मिळत नाही. ज्याने त्याने स्वतः वाकावे लागते.

आणि वाकून पाहिले की ते जन्मभर पुरते, याला साक्षीदार आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीडएक एकर. १९८३ साली पटेल-३ या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. शेकडो लोकांनी त्या धानातून चक्कर मारली असेल. थांबले ते दादाजी. त्यांनी त्या लोंब्या निराळ्या ठेवल्या, निराळ्या पेरल्या, वर्षामागून वर्ष निवड केली. त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून वाणाला नाव पडले एचएमटी. पुढे हे धान राज्याबाहेरही गेले. महत्त्वाचे म्हणजे दादाजी तिथे थांबले नाहीत. एकदा नजर बसल्यावर त्यांनी नांदेड चिन्नोर, डीआरके अशी आणखी वाणे काढली. २०१८ साली ते गेले. त्यांना ही विद्या कोणत्या वर्गात मिळाली नव्हती, म्हणूनच कोणत्या परीक्षेनंतर ती विसरायचीही नव्हती.

आता आपल्या कपाशीचे पाहा. २०१७ साली गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, बोंडे आतून पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, तोंडाला फडके गुंडाळून, ही माणसे पंप मारत होती. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, हे ज्याने एक तरी बोंड फोडून पाहिले आहे, तो उशिराची फवारणी करण्याआधी दहादा विचार करील. इथे विज्ञान म्हणजे गुण नव्हेत. पैसा आहे, आणि जीवही आहे.

म्हणून या बैठकीत एकच मागणे आहे, आणि ते सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. कृषी खात्याच्या शेतीशाळा होतात. त्यांना जरूर जा. पण हजेरीपटावर सही आणि वर चहा झाला म्हणजे शाळा झाली, असे समजू नका. बोंडे धरली की दर आठवड्याला एकरातल्या वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडा आणि फोडा. दोनांत अळी किंवा तिची पोखर सापडली, म्हणजे दहा टक्के. उपाय करण्याची वेळ आली. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री रोज आठ-आठ पतंग आले, तरी तीच खूण. त्याहून कमी असेल तर बाटली दुकानातच राहू द्या. आकडा तारखेसह वहीत लिहा. निंदणाऱ्या मायबहिणींना आधी विचारा. डोमकळी पहिल्यांदा त्यांनाच दिसते. रविवारी पोरगा-पोरगी घरी असतील तर बोंड त्यांच्या हातून फोडून घ्या. पुस्तकातल्या चित्रातली अळी त्यांना त्या दिवशी खरी भेटेल, आणि ती ते विसरणार नाहीत.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही आणावी. गावागावांचे आकडे शेजारी-शेजारी मांडू. दुकानदाराला 'काय मारू?' असे विचारणारा शेतकरी गिऱ्हाईक असतो. 'माझ्या वीस बोंडांत एकच अळी आहे, मी का मारू?' असे विचारणारा शेतकरी आपल्या शेताचा मालक असतो.