नळकांड्यातील शिस्त

पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. उन्हाळा चढू लागला की जलाशयाचे पाणी मागे सरते आणि काठची गाळपेराची जमीन उघडी पडते. नजर पोहोचेल तिथवर घर नाही, विजेची तार नाही. विज्ञानाची आवड असलेल्या तरुणांना छंद म्हणून रॉकेट उडवण्यास नेमकी अशीच जागा लागते. अर्थात धरणाच्या भिंतीजवळ वा वीजकेंद्राजवळ असला प्रयोग कोणी करू देणार नाही, देऊही नये. तथापि मराठवाड्यात अशा मोकळ्या जागा अनेक आहेत. उणीव आहे ती त्यांचा उपयोग करू देणाऱ्या व्यवस्थेची.

अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संघटना १९५७ पासून कार्यरत आहे. तेथील मोठ्या छंद-रॉकेटांत पुन्हा भरता येणारी मोटर वापरतात. मोटर म्हणजे विहिरीवरची मोटार नव्हे. घन इंधन जाळून रॉकेटला रेटा देणारे ते नळकांडे. अॅल्युमिनियमची बाह्य नळी एकदाच विकत घ्यायची आणि ती वर्षानुवर्षे वापरायची. प्रत्येक उड्डाणासाठी नवा भरणा तेवढा आणायचा. त्यात कारखान्यात तयार झालेल्या इंधनाच्या वड्या, उष्णतारोधक अस्तर, नॉझल, रबरी ओ-रिंगा, उड्डाणाच्या शिखरापर्यंत धीमेपणे जळत राहणारी विलंब-वडी आणि पॅराशूट बाहेर ढकलण्यापुरती काळी दारू एवढे साहित्य असते. वड्या अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे रबर यांच्या असतात. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातील इंधनही याच जातकुळीचे आहे.

जोडणीचे काम घड्याळजीच्या कामासारखे आहे. आधीच्या उड्डाणाची काजळी नळीच्या आतून पूर्ण पुसायची, ओ-रिंगांना ग्रीसचा पातळ हात द्यायचा, वड्या अस्तरात क्रमाने बसवायच्या, दोन्ही बाजूंची झाकणे घट्ट आवळायची आणि प्रत्येक पायरीला सूचनापत्रकाशी ताडून पाहायचे. एखादी ओ-रिंग विसरली वा तिच्यावर वाळूचा कण राहिला, तर तप्त वायू त्या फटीतून वाट काढतो आणि नळीसकट रॉकेट जळते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, त्याचे मूळही थंडीने ताठरलेल्या अशाच एका रबरी कडीत होते. परभणीच्या डिसेंबरातल्या पहाटेचा गारठा ज्यांनी सोसला आहे, त्यांना रबर ताठरते म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. असा धडा पुस्तकात वाचलेला विद्यार्थी आणि स्वतःच्या बोटांनी ओ-रिंग बसवलेला विद्यार्थी यांत जे अंतर असते, ते परीक्षेच्या गुणांत दिसत नाही.

घन इंधनाची विद्या महाराष्ट्राला परकी नाही. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंबा येथे भारतीय घन इंधनाचा पाया घातला आणि पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकपद भूषविले. इस्रोच्या मोटरींची बाह्य कवचे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला घडतात. पुणे, नाशिक, भंडारा, नागपूर येथे इंधनाच्या व स्फोटकांच्या प्रयोगशाळा आणि कारखाने आहेत. एवढे सारे घरात असताना महाराष्ट्रातील होतकरू विद्यार्थ्याला छंदाच्या मोटरीचा भरणा दुकानातून सरळ विकत घेता येत नाही.

अडचण कायद्याची आहे. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम यांखाली स्फोटकांची निर्मिती, साठवण, वाहतूक आणि आयात परवान्याने बांधलेली आहे. परवाने देणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. नियम खाणी आणि फटाक्यांचे कारखाने डोळ्यांसमोर ठेवून रचलेले. छंदासाठी मूठभर इंधन हाताळणारा विद्यार्थी त्यांत कुठेच बसत नाही. अमेरिकेतही हा वाद झाला. तेथील छंदप्रेमींच्या संघटनांनी २००० साली सरकारी खात्याला न्यायालयात खेचले आणि हे इंधन स्फोटकांच्या यादीत ठेवण्यास आधार नाही, असा निकाल २००९ मध्ये मिळवला. परंतु म्हणून तेथे मोकाट रान मिळाले, असे नाही. मोठ्या मोटरींसाठी प्रौढ व्यक्तीला संघटनेच्या परीक्षकांसमोर उड्डाण करून तीन पायऱ्यांनी प्रमाणपत्र मिळवावे लागते. पहिल्या पायरीची मोटर १६० न्यूटन-सेकंदांच्या पुढे सुरू होते.

पोरांच्या हाती दारूगोळा कशाला, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मात्र आजही संगणकावर चित्रफीत पाहून सोरा आणि साखर स्वयंपाकघरात एकत्र शिजवणारी मुले आहेत आणि खरा धोका तिथे आहे. भरण्याच्या मोटरीत इंधन शिजवण्याचे जोखमीचे काम कारखान्यात उरकलेले असते. छंदप्रेमीच्या वाट्याला येते ती केवळ जोडणी, आणि तीही जाणत्याच्या देखरेखीखाली. बंदीने मुलांचे कुतूहल थांबत नाही. ते फक्त नजरेआड होते.

ड्रोनच्या बाबतीत शासनाने वेगळी वाट चोखाळली. आधी सर्वत्र संशय होता. २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे आखले, चालकांना प्रमाणपत्रे दिली आणि आज शेतावर ड्रोनने फवारणी होते. २०२५ साली ‘इन-स्पेस’ने उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा भरवली. म्हणजे केंद्राची इच्छा आहे. स्पर्धा मात्र वर्षातून एकदा आणि निवडक चमूंसाठी असते. जिंतूरच्या महाविद्यालयीन तरुणाला कुशीनगर दूर पडते.

स्फोटक नियमांत छंदाच्या मोटरींचा निराळा वर्ग करावा. भरणा परवानाधारक स्वदेशी कारखान्यानेच बनवावा आणि तो व्यक्तीला न विकता नोंदणीकृत महाविद्यालयांना व मंडळांना द्यावा. प्रत्येक जिल्ह्यात विमानवाहतूक नियंत्रकांच्या संमतीने एखादे उड्डाणस्थळ ठरवावे, तेथे प्रमाणित पर्यवेक्षक असावा आणि वाळल्या गवताला आग लागू नये म्हणून पाण्याचा टँकर उभा असावा. परभणीने येलदरीच्या परिसरातली गाळपेर सुचवायला हरकत नाही. ती पावसाळ्यात पाण्याखाली जाते, म्हणून उड्डाणांचा हंगाम फार तर मार्च ते मे असा मिळेल. सुट्ट्यांमुळे विद्यार्थ्यांनाही तो सोयीचा आहे.