नोंद सीमा ओलांडेल काय?

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु महाराष्ट्राच्या सीमेनजीक आहे. तेथील रुग्णास उपचारार्थ यवतमाळला वा नागपूरला न्यावे लागले, तर आजाराचा पूर्वेतिहास एका चुरगळलेल्या चिठ्ठीवर अवलंबून राहतो. सिंधुदुर्गातून बांबोळीस येणारे रुग्ण पाहणाऱ्या गोमंतकीयांस हे निराळे सांगावयास नको. 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने 14 अंकी ‘आभा’ क्रमांक देऊन, रुग्णाच्या संमतीने त्याची नोंद कोणत्याही राज्यातील डॉक्टरास पाहता यावी, असे योजिले. योजना स्तुत्यच, परंतु क्रमांक म्हणजे नोंद नव्हे! दारात रांग लागलेली असता रोगी तपासावा की कळफलक बडवावा, या पेचात डॉक्टर सापडला, तर संगणकाच्या पडद्यावर रिकामे रकानेच दिसणार. नोंदींसाठी स्वतंत्र लिपिक नेमण्याचा खर्च सरकारांनी टाळू नये. संमती बहुधा भ्रमणध्वनीवरून द्यावयाची. तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असेल, तर वृद्ध मातेने ती द्यावी कशी? तेव्हा रुग्णालयांनी तेलुगू वा मराठी, रुग्णास कळेल त्या भाषेतील छापील सारांशही त्याच्या हाती दिलाच पाहिजे.