मारबतीत सराव, मांडवात कमाई



लग्न ठरले की आपल्याकडची मंडळी बस्ता बांधायला नागपूरला गांधीबागेत जातात. कापडाचा पोत बोटांनी चोळून पाहतात, रंग उजेडात नेऊन पाहतात, दहा दुकाने फिरतात. फोटो काढणाराची निवड करताना मात्र एवढी पारख कोणी करीत नाही. "भाच्याने नवा कॅमेरा घेतला आहे, तोच काढील," एवढ्यावर भागवतात. शालू बदलून मिळतो. अंतरपाट एकदाच दूर होतो.

खेड्यातली पुष्कळ मुले आज शेतीला जोड म्हणून हा धंदा धरू पाहतात. त्यांच्या वडिलांना माझे सांगणे आहे. पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण तपासतो. तशीच मुलाच्या हाताची उगवण लग्नाआधी तपासून घ्या. सोयाबीनचे पैसे एकदम कॅमेऱ्यात घालू नका. आधी भाड्याने आणून वापरू द्या.

सराव कोठे करावा? आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात. तेच सरावाचे दिवस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महाल भागातून मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. गर्दी, ढोलताशे, नाचणारी पोरे, उडणारा गुलाल. वरातीत दुसरे काय असते? गर्दीत उलट पावली चालणे, कॅमेरा डोक्यावर धरून नेम साधणे, धक्क्यात हात स्थिर ठेवणे हे सारे तेथे फुकट शिकायला मिळते.

त्यानंतर गावची कबड्डी. चढाई ३० सेकंदांची असते आणि गडी टिपला जातो तो क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतका. शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी ठेवावा; नाहीतर हातपाय पुसट येतात. पण खरी गोष्ट वेगाची नाही, अंदाजाची आहे. गडी कोणत्या पायावर भार देतो हे पाहणाराला पुढचे आधी कळते. अक्षता पडण्याच्या वेळी हीच नजर कामी येते. शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले की बोट बटणावर हवे. "सावधान" ऐकून कॅमेरा उचलणाराचा फोटो हुकलाच.

शंकरपटावर २०१४ साली बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. तेथे जोड्या टिपताना वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा. मात्र धावपट्टीत उतरू नये, कठड्याबाहेरूनच काढावेत. बैलाला फोटो कळत नाही.

अंधाराचा सराव झाडीपट्टीच्या नाटकात होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा हे त्यांचे मोठे केंद्र. तेथे फ्लॅश मारू नये. नट बिचकतो, प्रेक्षक चिडतात. आधी मंडळीच्या व्यवस्थापकाची परवानगी घ्यावी. भिंगाचे तोंड पूर्ण उघडावे, आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत वाढवावा आणि नट बोलता बोलता थांबेल तेव्हा बटण दाबावे. रंगीत दिव्यांत चेहऱ्याचा रंग कसा बदलतो हेही तेथे समजते. लाल-पिवळ्या मांडवाखाली नवरीचा चेहरा असाच तांबडा येतो. मग रंगाचा समतोल बदलावा लागतो.

प्रत्येक सरावानंतर घरी बसून फोटो निवडावेत. दोनशेतले वीस ठेवावेत आणि बाकीचे का बिघडले ते वहीत लिहावे: हात हलला, उजेड कमी पडला, की बटण उशिरा दाबले. दुसऱ्या वेळी तीच चूक किती कमी झाली ते पाहावे.

पहिल्या लग्नाला मुलाने एकट्याने जाऊ नये. जाणत्या फोटोग्राफरचा मदतनीस म्हणून जावे. दोन बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डे जवळ ठेवावीत. कार्ड पुसण्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्यावेत.

आणि लग्नघरच्या मंडळींनो, पुढच्या वेळी बस्ता बांधायला निघण्याआधी त्या मुलाने काढलेले कबड्डीचे चार फोटो मागून पाहा. चढाईचा क्षण ज्याने धरला, तो अक्षतांचाही धरील.