गोलंदाजाचा दाखला

भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेटस्पर्धांचा हंगाम सुरू होतो. दोन-तीन खाचरांमधले बांध काढून मैदान केले जाते, धसकटे खणून, पाणी मारून आणि लाल माती चोपून खेळपट्टी तयार होते, मुंबईत नोकरीधंद्यास असलेले तरुण शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने गावी येतात, आणि रविवारी सकाळी ध्वनिक्षेपकावरून समालोचन सुरू झाले म्हणजे पलीकडच्या वाडीतील म्हातारी माणसेदेखील बांधावर येऊन बसतात. अशा स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलाशी मी अनेक वर्षे बसत आलो आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारे एक तक्रार जाहीरपणे रुजू करू इच्छितो. फलंदाजाचे कर्तृत्व आपण तत्काळ ओळखतो. गोलंदाजाचे ओळखण्याची विद्या मात्र आपण अद्याप संपादन केलेली नाही.

गेल्या हंगामात पोलादपूर तालुक्यातील एका गावी सहा षटकांच्या उपांत्य सामन्यात एकोणीस-वीस वर्षांच्या एका डावखुऱ्या मुलाने दोन षटके टाकली, त्यांतले एक अखेरचे. प्रत्येक चेंडूपूर्वी तो वाकून कोरड्या मातीत तळवा घासून घेई, आणि धाव सुरू केल्यापासून हात सुटेपर्यंत त्याची नजर फलंदाजाच्या पुढच्या पायावर खिळलेली असे; तो पाय बाजूला सरकताना दिसला की चेंडू आखूड, आणि जागीच राहिला की थेट बुंध्यात. बारा चेंडूंत त्याने सात धावा दिल्या, आणि त्याच्या गोलंदाजीवर तीन झेल सुटले. संध्याकाळी उत्कृष्ट गोलंदाजाचा चषक ज्याला मिळाला, त्याने अंतिम सामन्यात तीन बळी घेतले होते. ते तिन्ही चेंडू फुलटॉस होते आणि तिन्ही फलंदाज सीमारेषेवर झेल देऊन बाद झाले होते. चषक मिळवणाऱ्या मुलाविषयी माझ्या मनात यत्किंचितही आकस नाही, कारण निवाडा त्याने केलेला नव्हता. निवाडा माझ्याच वहीतील बळींच्या रकान्याने केला होता, आणि तो चुकीचा होता.

हा प्रश्न केवळ आपल्या खाचरांपुरता नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. तो साठ फूट सहा इंचांवरून फेक करतो, आणि सामन्याचे यशापयश बहुतांशी त्याच्या नावावर जमा होते. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्ग संघाच्या हार्वी हॅडिक्सने मिलवॉकीविरुद्ध सलग छत्तीस फलंदाज बाद केले. नऊ डावांत संपणारा सामना बारा डावांपर्यंत लांबला, तोवर एकाही प्रतिस्पर्ध्यास पहिल्या तळावर पोचता आले नाही. तथापि त्याच्या सहकाऱ्यांना एकही धाव काढता आली नाही, तेराव्या डावात एका क्षेत्ररक्षकाची फेक चुकली, त्यातून डाव उघडला, आणि हॅडिक्स एक-शून्य असा हरला. पुढे १९९१ साली त्या खेळाच्या नियामक समितीने अशा सामन्यांची व्याख्या अधिक काटेकोर केली, आणि हॅडिक्सचा तो पराक्रम अधिकृत यादीतून वगळला गेला. त्या रात्री त्याने जे केले ते मात्र कोणत्याही समितीस वगळता आले नाही, आणि त्या खेळाचे जाणकार आजही ते नाव आदराने घेतात. त्याच देशात बिल जेम्स या अभ्यासकाने पिचरच्या एका सामन्यातील कामगिरीस गुण देण्याची रीत बसवली, तीत फेकीच्या गुणावर निघालेल्या धावेबद्दल चार गुण वजा होतात, आणि सहकाऱ्याच्या चुकीतून निघालेल्या धावेबद्दल दोनच. हा भेद आपल्या वह्यांत कोठेही नाही.

आपल्याकडे उदाहरणे नाहीत असे मात्र कोणी समजू नये. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध बत्तीस षटके टाकली, त्यांतील सत्तावीस निर्धाव, धावा पाच, बळी शून्य. सलग एकशे एकतीस चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. सरावाच्या वेळी पट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू पाडण्याची त्यांची साधना सर्वश्रुत आहे. सुभाष गुप्ते यांनी डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे नऊ गडी एका डावात टिपले, आणि तो सामना भारत २०३ धावांनी हरला. एकाच्या नावापुढे बळी नाही, दुसऱ्याच्या नावापुढे विजय नाही. आपल्या चषकाच्या हिशेबाने पहिला रिक्तहस्त परतला असता.

परंतु गोलंदाजीची थोरवी कशाने मोजावी याचा सर्वांत बोलका दाखला, माझ्या मते, पाळवणकर बाळू यांचा आहे, आणि तो महाडकरांइतका अन्य कोणास कळू नये. १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या युरोपियन क्लबच्या मैदानावर दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे, जाळी बांधण्याचे काम करीत असे, आणि उरलेल्या वेळात ग्रेग नावाच्या नामांकित इंग्रज फलंदाजास तासन् तास गोलंदाजी करीत असे. प्रत्येक वेळी बाद झाल्यावर ग्रेग त्यास आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्या मैदानावर त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यास घेतले, तेव्हा मैदानावर ज्या चेंडूस सर्वांचा हात लागे तो याचाच असे, परंतु मध्यंतरात चहा त्यास तंबूबाहेर मातीच्या भांड्यात मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे आपण ज्या साताऱ्यास जातो, तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून आठवडाभर पट्टीवर रूळ फिरवून ठेवला होता, आणि तरीही त्याने सात गडी बाद केले, असे त्याच्याविषयी सांगितले जाते.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूचा वाटा मोठा होता. आणि १९११ चा इंग्लंडचा दौरा! पतियाळाचे महाराज कप्तान, परंतु सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर राज्याभिषेकाच्या समारंभांत मग्न. संघ कच्चा, थंडी परकी, तेवीस सामन्यांपैकी पंधरांत पराभव. आणि अशा पडत्या संघाचा भार खांद्यावर घेऊन पस्तिशीच्या या माणसाने सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी एकोणीस धावांच्या आत. केंब्रिजविरुद्ध एका डावात आठ, लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा. हे आकडे मी उद्धृत करतो खरा, पण त्यांच्या मागे मातीचे ते भांडे ठेवल्यावाचून त्यांचे वजन कळत नाही, हे माझे ठाम म्हणणे आहे. एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यास कधी मिळाले नाही; ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास १९२३ मध्ये मिळाले.

महाडास हे अधिक कळावे असे म्हणतो त्याचे कारण दप्तर आणि वस्तुस्थिती यांतील अंतर या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. १९२३ साली मुंबई कायदेकौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले. दप्तराप्रमाणे तळे खुले झाले, आणि तळ्याच्या काठी काहीही बदलले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद येथे भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी त्या पाण्याची ओंजळ भरली, तेव्हा कागदावरची नोंद प्रथमच खरी ठरली. परिषदेचा पहिला दिवस हा बाळूचा एकावन्नावा जन्मदिवस होता, हा योगायोग मला हृद्य वाटतो. तरुण आंबेडकरांना बाळूचा अभिमान होता. पुढे राजकारणाने दोघांच्या वाटा भिन्न झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत ते परस्परांविरुद्ध उभे राहिले, त्यात बाळूचा पराभव झाला. तो इतिहास मोठा आहे, त्याची चर्चा येथे नको.

माझी मागणी साधी आहे. दोन्ही तालुक्यांतील स्पर्धांच्या आयोजकांनी येत्या हंगामापासून गुणलेखनाच्या वहीत सुटलेल्या झेलाचा एक रकाना वाढवावा; षटक कोणते होते, समोर फलंदाज कोण होता आणि किती धावा वाचवावयाच्या होत्या याची एका ओळीत नोंद व्हावी; आणि उत्कृष्ट गोलंदाजाचा निर्णय त्या नोंदीवरून दोन्ही पंच व गुणलेखक या तिघांनी एकत्र बसून करावा, बळींची बेरीज पाहून नव्हे. दहा मिनिटे अधिक लागतील. पारितोषिक वितरणास पाहुणे जितका वेळ घेतात त्याहून हे फार नाही. शक्य झाल्यास १९ मार्चच्या सुमारास भरणाऱ्या एखाद्या स्पर्धेतील गोलंदाजीचा चषक पाळवणकर बाळूंच्या नावे द्यावा. पुढे २० मार्चला तळ्यावर दुरून येणाऱ्या असंख्य माणसांपैकी काहींना तो सामनाही पाहता येईल.

माझ्यापुरता आरंभ मी केला आहे. झेल सुटलेल्या चेंडूभोवती मी आता पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढतो, आणि जुनी पाने पुन्हा काढून आठवतील तेवढी वर्तुळे भरली आहेत. उपांत्य सामन्याच्या त्या पानावर डावखुऱ्या मुलाच्या नावापुढे तीन आहेत, त्यांतले शेवटचे अखेरच्या षटकाच्या पाचव्या चेंडूभोवती.