"बाकी ठीक"

आमचं टेंभुर्णी म्हणजे जाफराबाद तालुक्यातलं, सोलापूरकडचं नव्हे. इथली पोरं बारावी झाली की जालना, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुणं गाठतात. मग घराशी संबंध उरतो तो रात्रीच्या फोनपुरता. "जेवलास का?" "हो." "पैसे आहेत ना?" "हो." "अभ्यास?" "बाकी ठीक."

माझा पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. पोळ्याला आला नाही. आम्ही म्हटलं, परीक्षा असेल. दिवाळीत आला तो दुपारपर्यंत झोपलेला, रात्रभर जागा. ज्या बॅटला कुणाला हात लावू द्यायचा नाही, ती चुलतभावाला देऊन टाकली. "पोरगं शहाणं झालं," असं सगळे म्हणाले! एकदा वहिनीला म्हणाला, "माझ्यावर उगीच खर्च करता तुम्ही." तिला तो समजूतदारपणा वाटला.

प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक चांगलं कारण तयार होतं. एकत्र मात्र कुणी पाहिल्या नाहीत.

शेवटी गच्चीवर मी सरळच विचारलं, "जीव नकोसा झालाय का रे?" बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हो काका." आणि रडला. त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आज तो बरा आहे, आणि हे त्याला विचारूनच लिहितोय.

"असं विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल," ही भीती मलाही होती. पण डॉक्टर सांगतात, विचारल्याने विचार रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. चांगलंच झालं. पण त्या बॅटची गोष्ट समुपदेशकाला कुठून कळणार? ती घरालाच माहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उत्तरं ऐकू नका, बदल बघा. झोप, जेवण, मित्र, आवडीच्या वस्तू. शंका आली तर मायेने, पण सरळ विचारा. टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं. पोराला द्याच, पण स्वतःच्या मोबाईलमध्येही ठेवा.

आज रात्री फोन कराल तेव्हा "बाकी ठीक"वर ठेवू नका. बाकी काय, ते विचारा.