चाँद ग्रह का नाही?

मंचरच्या एका वाचक भगिनींनी गेल्या महिन्यात आम्हाला पत्र पाठवले. त्यांच्या घरी भावाबहिणीत वाद झाला. मुलगी सातवीत आहे. दादाजींच्या जुन्या उर्दू किताबीत तिने सात सय्यारे, म्हणजे सात ग्रह, वाचले आणि त्यांत कमर, म्हणजे चाँदही होता. म्हणून ती म्हणाली, चाँद ग्रह आहे. दहावीतला भाऊ हसला आणि म्हणाला, "एवढासा चाँद ग्रह कसा होईल? लहान असतो तो उपग्रह, मोठा असतो तो ग्रह." मुलगी रडवेली झाली आणि किताब मिटून बसली. भगिनी विचारतात, "खरे कोण? मुलीला काय सांगू?"

भगिनी, मुलीला आधी हे सांगा की तिने वाचले ते कुणी अडाण्याने लिहिलेले नाही. थोर विद्वान अल-बिरुनी यांनी इ. स. 1029 मध्ये 'अत्-तफहीम' हा ग्रंथ लिहिला. भूमिती, गणित आणि आकाशाचे ज्ञान शिकवणारा हा ग्रंथ प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे आणि तो त्यांनी लिहिला रैहाना बिन्त अल-हसन नावाच्या एका विद्यार्थिनीसाठी. त्यातही चाँद ग्रहांमध्येच मोजलेला आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही एक मुलगी असेच प्रश्न विचारत होती, आणि त्या काळचा सर्वांत मोठा विद्वान तिला उत्तरे देत होता. विचारणाऱ्या मुलीवर हसायचे नसते, एवढे तरी यातून आपण घ्यावे.

मग तेव्हा चाँद ग्रह होता आणि आज का नाही? चाँद तर तोच आहे. बदलला तो आपला हिशेब. सय्यारा म्हणजे फिरणारा. आकाशातले बहुतेक तारे एकमेकांपासूनचे अंतर न सोडता रात्रभर सरकतात. फक्त सात ज्योती त्यांच्यामधून वाट काढत पुढे जाताना दिसतात: सूर्य, चाँद, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. सगळे पृथ्वीभोवती फिरतात असे तेव्हा मानले जाई. सगळ्यांचे केंद्र एकच, तर चाँदला वेगळे नाव द्यायचे कारणच नव्हते.

1543 मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला आणि केंद्रस्थानी सूर्य आला. पृथ्वीच ग्रहांच्या रांगेत जाऊन बसली. बाकीचे ग्रह सूर्याकडे गेले आणि एकटा चाँद पृथ्वीसोबत राहिला. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले की गुरूभोवतीही चार ठिपके फिरत आहेत. म्हणजे 'चंद्र' हे एकाचे नाव न राहता एक जातच झाली. जो सूर्याभोवती स्वतःच्या वाटेने फिरतो तो ग्रह, आणि जो एखाद्या ग्रहाभोवती फिरतो तो त्याचा चंद्र, म्हणजे उपग्रह. फरक आहे तो इतकाच.

आता भावाकडे वळू. उत्तर त्याचे बरोबर आले, पण कारण चुकले. आपल्या चाँदचा व्यास 3,474 किलोमीटर आहे आणि बुध ग्रहाचा 4,879. इथवर त्याचे म्हणणे टिकते. पण गुरूचा चंद्र गॅनिमिड 5,268 किलोमीटरचा आहे आणि शनीचा टायटन सुमारे 5,150 किलोमीटरचा. दोघेही बुधापेक्षा मोठे, तरी ते चंद्र आणि बुध ग्रह. उलट मंगळाचा डिमॉस हा चंद्र सरासरी 12 किलोमीटरच रुंद आहे. मंचरहून नारायणगावला जायचे तर यापेक्षा जास्त अंतर पडते.

प्रकाशावरूनही फरक करता येत नाही. कधी कधी ईदच्या चाँदशेजारी शुक्राची चांदणी लखलखत असते. मुलांना वाटते, चाँद तेवढा उसना उजेड घेतो आणि चांदणी स्वतः जळते. तसे नाही. दोघांवरही ऊन पडते सूर्याचेच. दुर्बिणीतून पाहिले तर शुक्रसुद्धा कधी कोरीसारखा, कधी अर्धा दिसतो. कला दिसतात म्हणून तो चंद्र होत नाही.

'फिरतो' म्हणजे नेमके काय, हेही समजून घेऊ. अब्बा अंगणात लहान मुलाचे हात धरून त्याला गरगर फिरवतात, तेव्हा मूल मोठा फेरा घेते. पण अब्बाही जरा मागे झुकून छोटासा फेरा घेतातच. पृथ्वी आणि चाँदचे तसेच आहे. पृथ्वी चाँदपेक्षा 81 पट जड आहे, म्हणून दोघांच्या फिरण्याचा मध्यबिंदू पृथ्वीच्या पोटातच, जमिनीखाली सुमारे 1,700 किलोमीटरवर राहतो. प्लूटो आणि त्याचा चंद्र शेरॉन यांचे मात्र वेगळे आहे. शेरॉनचा व्यास प्लूटोच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणून त्यांचा मध्यबिंदू प्लूटोच्या बाहेर, रिकाम्या जागेत पडतो. दोघे हात धरून फुगडी घालावी तसे फिरतात. ऑगस्ट 2006 मध्ये प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचे अधिवेशन भरले, तेव्हा पहिल्या मसुद्याप्रमाणे शेरॉनलाही ग्रह म्हणावे लागले असते. तो मसुदा टिकला नाही. 24 ऑगस्टला ठरले ते असे: ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या वजनाने गोल झालेले असावे आणि आपल्या वाटेवर आपलाच जोर राखावा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकला आणि बटुग्रह झाला. चंद्र कशाला म्हणावे याची अशी व्याख्या मात्र संघटनेने अजून केलेली नाही.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या घरातला पुरावा घ्या. चाँद 29 चा की 30 चा, हा प्रश्न आपल्याकडे दर महिन्याला निघतो. चाँद पृथ्वीभोवतीचा एक फेरा 27 दिवस आणि सुमारे 8 तासांत पूर्ण करतो. मग आपला महिना 27 दिवसांचा का नाही? कारण तेवढ्या वेळात पृथ्वीही चाँदला घेऊन सूर्याभोवती 27 अंश पुढे गेलेली असते. पुन्हा सूर्याच्या दिशेला यायला चाँदला ते अंतर कापावे लागते. रोज 13 अंशांच्या चालीने त्याला आणखी दोन दिवस आणि काही तास लागतात. म्हणून महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, कधी 29 चा, कधी 30 चा. चाँद पृथ्वीचा आणि पृथ्वी सूर्याची, हे दोन्ही फेरे आपल्या रमजानच्या तारखेत मोजलेले आहेत. चाँद केव्हा जाहीर करायचा हा उलेमांचा विषय आहे. आम्ही फक्त त्याची चाल सांगत आहोत.

भगिनींनी मुलांना आणखी एक सांगावे. मंचरहून नारायणगाव ओलांडून गेले की जुन्नर तालुक्यात खोडद लागते. तिथे जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही रेडिओ दुर्बीण आहे. एकूण 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आणि त्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. गुरू ग्रहाकडून अशा लहरी येतात हे 1955 मध्ये कळले. पुढे असेही दिसले की त्यांतल्या काही लहरींचा जोर आयो या त्याच्या चंद्राच्या जागेवर अवलंबून असतो. इतर ताऱ्यांभोवती आजवर पाच हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत. अशा ग्रहांकडून काही लहरी येतात का, हे खोडदच्या दुर्बिणीनेही तपासले आहे. त्या ग्रहांभोवतीचा एकही चंद्र मात्र अजून पक्का सापडलेला नाही. सातवीतल्या मुलीला पुढे शोधायला बरेच शिल्लक आहे! 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते आणि शाळांची मुले तिथे आपले प्रयोग मांडतात. दोघांनाही घेऊन जावे. प्रश्न विचारायला मुलीला पुढे करावे.

तोवर घरीच एक प्रयोग करून पाहा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग आहे. पहिल्या दिवसाचा चाँद क्षितिजाजवळ असतो, तो डोंगराआड लवकर जातो. म्हणून गच्चीसारखी उंच, मोकळी जागा निवडा. मगरिबनंतर ठरलेल्या वेळी चाँद कुठे आहे त्याची झाडाच्या किंवा खांबाच्या आधाराने खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवरून पुन्हा पाहा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. चाँद एका मुठीपेक्षा थोडा जास्तच सरकलेला दिसेल. त्या दिवसांत शुक्र संध्याकाळी दिसत असेल तर त्याचीही खूण करा. तो जवळपास तिथेच असेल. एक आपल्याभोवती महिन्याची फेरी घालतो, दुसरा सूर्याभोवती आपल्या वाटेने जातो.

खूण मुलीने करावी, मूठ भावाने मोजावी. वाद मिटेल.